जुन्या वस्तूची पारख

मनुष्याच्या संसारांत नव्या वस्तूंपेक्षां जुन्या वस्तूंचाच भरणा अधिक असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नवी वस्तु घरीं येते त्या दिवशीं तिला हळदकुंकू लागतें, शेजारीं पेढे वांटले जातात, वहींत तिची किंमत लिहिली जाते. परंतु हातोहात आलेली वस्तु मुकाट्यानें येते आणि मुकाट्यानें कामास लागते. थोरल्याचा सदरा धाकट्यास, आजोबांचें घड्याळ नातवास, शेजाऱ्याची सायकल शाळेंत जाणाऱ्या मुलास, अशा रीतीनें आपल्या लोकांचा बराचसा संसार चालत आला आहे. नवे शोध केव्हां लागले व नव्या वस्तु बाजारांत केव्हां आल्या, याच्या तारखा ग्रंथकारांनीं लिहून ठेविल्या आहेत. त्याच वस्तु दुसऱ्या-तिसऱ्या हातीं जातांना लोकांनीं त्यांची पारख कशी केली, हा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला आहे. तो साद्यंत लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असें नाहीं. परंतु लोणखेड्यास आमच्या कुटुंबांत घडलेल्या एका लहानशा प्रकारामुळें आमचें लक्ष या विषयाकडे वेधलें, आणि त्या प्रकाराचा अर्थ त्याच्या मागील इतिहासावांचून लागत नाहीं, म्हणून दोन्ही एकत्रच वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

लोणखेडा हें गांव नंदुरबार जिल्ह्यांत, शहाद्याच्या अगदीं लगत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. ऊंस, कापूस, केळी व पपई यांचा. येथें कोणी घरांत गुजरी बोलतो, कोणी अहिराणी; डोंगराकडील लोक पावरी किंवा भिलोरी बोलतात; शाळेंत व कचेरींत मराठी चालते; आणि रोजगाराकरितां घर सोडणाऱ्यांची वाट पुष्कळदां सुरतेकडे जाते. या गांवीं आमच्या फुईबाई राहतात. खानदेशांत आत्येस फुई म्हणतात. त्यांचे यजमान एका साखर कारखान्यांत नोकरीस होते. ते वारल्यानंतर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, हिच्या अन्वयें विधवेचें अल्पसें वेतन फुईबाईंच्या बँकेच्या खात्यांत जमा होऊं लागलें. एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेस गेली. तेव्हां फुईबाईंना एक फोन द्यावा असें सर्वांच्या मनानें घेतलें. आणि सर्व घरीं जें होतें तेंच आमच्या घरीं झालें. कपाटांत टाकून दिलेले तीन फोन पडले होते. त्यांतील जो सुरू झाला तो पुसून फुईबाईंच्या हातीं दिला. त्या म्हणाल्या, “भाऊ, माले काय समजस त्यामा?” आम्ही हंसलों, आणि समजण्यासारखें त्यांत फारसें कांहीं नाहीं असें त्यांना सांगितलें. त्या हंसणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

आमच्या वाडवडिलांनीं दुसऱ्या हातची वस्तु इतक्या बेफिकिरीनें घेतली नसती. त्याचा पुरावा लांब शोधावयास नको. याच शहादें तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें आहे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षांत दत्तजयंतीस भरते आणि त्या यात्रेंतला घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्याची परंपरा तीन शतकांची सांगतात. घोडा ही नेहमींच वापरलेली वस्तु. तो कोणीतरी पोसलेला, फिरविलेला, कदाचित् बिघडविलेलाहि असतो. म्हणून घोड्याची पारख हें एक शास्त्रच झालें होतें. शालिहोत्राच्या नांवावर चालणारी अश्वविद्या पंडितांपाशीं होती, भोंवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविणारी विद्या दलालांपाशीं होती. परंतु साध्या शेतकऱ्याचा मुख्य भरंवसा असे तो दांतांवर. घोड्याचे पुढचे दुधाचे दांत अडीच वर्षांच्या सुमारास पडूं लागतात आणि पांचव्या वर्षीं तोंड पुरें जुळतें. त्यानंतर खालच्या दांतांवरील खळगे झिजत जातात, व आठव्या वर्षाच्या सुमारास ते बहुधा नाहींसे होतात. विकणारा काय बोलतो याला महत्त्व नाहीं. घोड्याचें वय घोड्याच्याच तोंडांत लिहिलेलें असतें.

हें लिखितहि खोडतां येतें, ही गोष्ट जुन्या खरीददारांना ठाऊक होती. म्हातारा घोडा तरुण दिसावा म्हणून त्याच्या दांतांत कोरून व डागून खोटे खळगे पाडण्याची लबाडी युरोपच्या बाजारांतहि प्रसिद्ध होती. म्हणून शहाणा माणूस दांत पाहून थांबत नसे. तो घोड्याला चालवी, पळवी, मागें हटवी. पायांखालून हात फिरवी. तो चारा कसा खातो हें पाही. इतकें झाल्यावर उपरण्याखालीं बोटांच्या खुणांनीं किंमत ठरे. परंतु या सर्वांच्या आधीं एक प्रश्न विचारला जाई, आणि आमच्या मतें सगळ्या पारखेचें मूळ त्या प्रश्नांत होतें : ‘बसणार कोण?’ वरातीची घोडी वेगळी, टांग्याचा घोडा वेगळा, आणि घरांतल्या पोरानें प्रथमच बसावयाचें असेल तर जनावर वेगळें. जो बसण्यांत कच्चा, त्याला सर्वांत खात्रीचा घोडा द्यावयाचा, हा नियम कोणास शिकवावा लागत नसे. टाकाऊ, बुजरा घोडा नवख्यास देणारा मनुष्य काटकसरी नव्हे, घातकी ठरला असता.

पुढें यंत्रांचा काळ आला. शिवणयंत्र, सायकल, हातघड्याळ, रेडिओ या वस्तु एकामागून एक खेड्यांत पोंचल्या, आणि त्याहि बहुतेकांच्या घरीं पहिल्या हातानें आल्या नाहींत. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. खेड्यांतल्या चावडीवर किंवा दुकानांत रेडिओ वाजूं लागण्यास त्यानंतर पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. त्या काळीं रेडिओस टपाल कचेरीचा परवाना लागे, म्हणून जुना रेडिओ घेणारा यंत्राबरोबर कागदहि पाही. हिंदुस्थान मशीन टूल्सच्या कारखान्यानें बंगलोरास १९६१ सालीं घड्याळें काढण्यास आरंभ केला. किल्लीचीं तीं घड्याळें बापाच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर गेलीं, आणि त्यांतील कित्येक कारखान्याच्या घड्याळ-विभागाला टाळें लागल्यानंतरहि चालत राहिलीं. याचें कारण उघड आहे. घड्याळाला चालण्यासाठीं दुसऱ्या कोणाची संमति लागत नाहीं. दिवसाचे तास जितके १९६१ मध्यें होते तितकेच आज आहेत. स्प्रिंग शाबूत असली आणि चौकांतला कारागीर हयात असला म्हणजे झालें. सायकल व शिवणयंत्र यांचीहि गोष्ट हीच. त्यांचें म्हातारपण डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें, आणि हातांनीं दुरुस्त होतें. घोड्याची पारख येथें थोड्या फेरानें लागूं पडली.

टेलिफोन मात्र पहिल्यापासूनच वेगळ्या जातीची वस्तु. तो एकटा कांहींच करूं शकत नाहीं. दुसऱ्या टोंकाला कोणी असेल तरच त्याला अर्थ. हिंदुस्थानांत पहिलीं टेलिफोन-केंद्रें १८८२ सालीं उघडलीं. मुंबईंत त्याच वर्षीं एक झालें. मध्यस्थावांचून परगांवीं थेट बोलण्याची सोय १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. खेड्यांतल्या माणसाला त्या सोयीचा लाभ झाला तो त्यानंतर पुष्कळ काळानें, पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमधून. त्या बूथवर रात्रीं दर उतरले म्हणजे रांगा लागत, हें पुष्कळांस आठवत असेल. तेव्हां यंत्र कोणतें, हा प्रश्न बोलणाऱ्याला पडत नसे. यंत्र बूथवाल्याचें, आपला फक्त आवाज. ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइलवर संभाषण केलें आणि देशांत नवा अध्याय उघडला. परंतु आलेल्या फोनचेहि पैसे भरावे लागत असल्यामुळें ती चैनीचीच वस्तु राहिली. २००३ सालीं येणारे फोन निःशुल्क झाले, आणि त्याच सालीं नोकिया ११०० हा फोन निघाला. धूळ न शिरणारीं बटनें व वरच्या बाजूस विजेरी असलेला हा फोन जगांत सुमारें २५ कोटी खपला. धूळ आणि अंधार हे तर आपल्या खेड्यांचे जुने सोबती. त्याला येथें फार मोठें गिऱ्हाईक मिळालें यांत नवल नाहीं.

त्या बटनांच्या फोनाची जुन्या बाजारांतली पारख अद्याप सोपी होती. बटनें दाबून पाहावींत, बॅटरी काढून नवी घालावी, कोणास तरी हांक मारून पाहावी. घड्याळाचा न्याय त्याला बहुतेक लागूं पडे. घरांत नवा फोन आला कीं जुना वडिलांकडे, वडिलांचा आजीकडे, ही जी वाट पडली ती याच काळांत. आणि त्या काळापुरती ती वाट चुकीचीहि नव्हती. चूक झाली ती ही कीं, फोनाची जात पालटली तरी आम्ही त्याच वाटेनें चालत राहिलों.

जात पालटल्याची साक्ष आमच्याच जिल्ह्यांत आहे. धुळें जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा काढलेला हा नंदुरबार जिल्हा. त्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी आले, आणि देशांतील पहिला आधार क्रमांक त्याच गांवच्या रंजना सोनवणे यांस देण्यांत आला. त्या दिवशीं टेंभलीच्या मांडवांत मोबाइलचा विचार फारसा कोणाच्या मनांत नसेल. परंतु पुढें क्रमानें असें झालें कीं, आधारास बँकेचें खातें जोडलें गेलें, खात्यास मोबाइलचा क्रमांक जोडला गेला, आणि ‘हा मनुष्य तोच’ याची खूण म्हणून त्या मोबाइलवर येणारे सहा आंकडे मागितले जाऊं लागले. त्यास ओटीपी म्हणतात, हें आतां अक्षरशत्रूलाहि ठाऊक आहे. २०१६ सालीं यूपीआयचा व्यवहार सुरू झाला; त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला जिओची सेवा निघाली आणि इंटरनेट खेड्यापाड्यांतून स्वस्त झालें. अशा रीतीनें अवघ्या सहा वर्षांत फोन हें बोलण्याचें साधन होतें तें माणसाच्या दाराची किल्ली झालें. किल्ली हरवली तर घर आपलें असूनहि बाहेर उभें राहावें लागतें.

फुईबाईंवर हाच प्रसंग आला. आम्हीं दिलेल्या फोनाची बॅटरी एका उन्हाळ्यांत फुगली. पाठीमागचें झांकण उचललें गेलें, आणि फोन दिवसांतून तीनदां बंद पडूं लागला. त्यांनीं तो शहाण्या माणसाप्रमाणें विझवून कोनाड्यांत ठेविला, आणि सुरतेस बोलावयाचें झालें म्हणजे शेजारणीचा फोन मागून घेऊं लागल्या. आम्हांस कळवावें असें त्यांना वाटलें नाहीं. दिलेल्या वस्तूची तक्रार करणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. इकडे सिमकार्ड त्या बंद फोनांतच राहिलें. ज्या क्रमांकाचा ९० दिवस कांहींच वापर होत नाहीं व ज्यांत २० रुपयेहि शिल्लक नसतात, तो बंद करण्याची मुभा नियमानें कंपनीस आहे. त्याप्रमाणें क्रमांक गेला. पुढें बँकेनें ओळखीचे कागद नव्यानें मागितले, तेव्हां सहा आंकडे त्या नाहींशा झालेल्या क्रमांकावर जाऊं लागले. खात्यांत वेतन पडत होतें, पण हातांत येत नव्हतें. नवा क्रमांक आधारास जोडण्यास त्या वेळीं केंद्रावर जातीनें जावें लागे; तेथें त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. कापूस वेंचून व भांडीं घांसून ज्या बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत, त्यांचे ठसे यंत्र कोठून ओळखणार? अखेर डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालें. या सर्वांत चार महिने गेले. ते चार महिने फुईबाईंनीं किराणा उधारीवर आणून काढले, हें आम्हांस मागाहून शेजारणीकडून कळलें.

दोष बँकेचा किंवा केंद्राचा किती, हा वाद येथें आम्ही घालीत नाहीं. आमचा दोष किती, हें पाहणें आमच्याकडे आहे. आम्हीं घोड्याचा दांत पाहिला नाहीं, आणि बसणार कोण हेंहि विचारलें नाहीं. म्हणून दुसऱ्यांदा फोन घेतांना या दोन्ही गोष्टींचा विचार करूं लागलों. नवा फोन घेण्याची ऐपत नव्हती असें नाहीं. परंतु वापरलेली चांगली वस्तु टाकून नवी घेण्यांत भूषण मानावें असेंहि आम्हांस वाटत नाहीं. प्रश्न जुना कीं नवा हा नसून, जुन्याचें वय कसें ओळखावें हा होता.

अँड्रॉइड जातीचा पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला, तेव्हांपासूनचा वृत्तांत पाहिला असतां दिसतें कीं, या वस्तूला एकाच वेळीं चार वयें असतात. पहिलें शरीराचें, कांच, कडा, बटनें. तें सर्वांना दिसतें, आणि म्हणूनच दुकानदार तेंच घांसून-पुसून चकचकीत करतो. दुसरें बॅटरीचें. १९९१ पासून बाजारांत आलेल्या लिथियम-आयन जातीच्या या बॅटरीनें जगाचा व्यवहार पालटला, व तिच्या संशोधकांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ती भरण्या-रिकामी होण्यानें आणि उष्णतेनें झिजतेच, वापर कमी असला तरी नुसत्या काळानेंहि झिजते. खानदेशचा उन्हाळा तिला मानवत नाहीं. हें वय बॅटरी बदलून कमी करतां येतें. तिसरें वय जाळ्याचें, म्हणजे नेटवर्कचें. जिओची सेवा आरंभापासून चौथ्या पिढीची, आणि इतर कांहीं कंपन्यांनींहि पुढें तिसऱ्या पिढीचें जाळें गुंडाळलें. यामुळें चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून आवाज नेण्याची सोय, जिला व्होल्टे म्हणतात, ती ज्या फोनांत नाहीं तो फोन शरीरानें धडधाकट असूनहि पुष्कळ ठिकाणीं मुका ठरतो.

चौथें वय सर्वांत महत्त्वाचें आणि सर्वांत अदृश्य. तें आहे पालकत्वाचें. फोनाच्या अंतरांतील आज्ञावलींत चोरांना शिरण्याच्या फटी सांपडत राहतात, आणि त्या बुजविण्याचें काम निर्माता दुरून करीत असतो. यास अपडेट म्हणतात. २०१५ च्या ऑगस्टपासून गूगल अशा सुधारणा दरमहा काढूं लागलें. परंतु त्या प्रत्येक फोनाला पोंचविणें निर्मात्याच्या मर्जीवर, आणि हलक्या किंमतीचे पुष्कळसे फोन दोन-तीन वर्षांतच पोरके होत. अलीकडे २०२३ व २०२४ मध्यें कांहीं निर्मात्यांनीं आपल्या वरच्या दर्जाच्या फोनांस सात वर्षें सांभाळण्याचें वचन दिलें, हा मोठाच फरक आहे. म्हणजे दोन फोन एकाच दिवशीं जन्मले तरी एक तीन वर्षांत म्हातारा व दुसरा सात वर्षें जवान, असा प्रकार येथें घडतो. घड्याळाला असला परावलंबी बुढापा कधीं नव्हता.

मग या चौथ्या वयाचा दांत कोठें पाहावा? तो फोनाच्या सेटिंग्जमध्यें ‘सुरक्षा पॅच’ म्हणून लिहिलेल्या तारखेंत आहे, अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ही तारीख तेथें दिसते. ती वर्ष-दोन वर्षांमागची असेल आणि ‘अपडेट तपासा’ असें सांगूनहि पुढें सरकत नसेल, तर घोडा दिसावयास कितीहि तेजदार असला तरी त्याचे खळगे झिजले असें समजावें. त्याच ठिकाणीं आवृत्तीचा आंकडाहि दिसतो. २०१४ च्या ५.० या आवृत्तीनें फोनाचा सारा कारभार मराठींत दाखविण्याची सोय प्रथम आणली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरापासून त्याहून जुन्या आवृत्तीवर व्हॉट्सॲप चालेनासें झालें. ज्या उंबरठ्यावर अँड्रॉइडला मराठी आली, त्याच उंबरठ्याच्या अलीकडच्या फोनांना व्हॉट्सॲपनें निरोप दिला, हा योगायोग आम्हांस लक्षांत ठेवण्यासारखा वाटला. उंबरठा पुढेंहि सरकतच राहणार. म्हणून अगदीं कडेवरचा फोन घेऊं नये.

बाजारांत जनावराबरोबर पावती पाहत, रेडिओबरोबर परवाना पाहत, तसा फोनाचाहि एक दाखला आहे. *#०६# हीं चिन्हें दाबलीं कीं पंधरा आंकड्यांचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरील क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें. आणि २०२३ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या संचार साथी या सेवेवर तो चोरीचा म्हणून अडविलेला आहे कीं काय, याची चौकशी करावी. याशिवाय विकणाऱ्यानें आपलें गूगलचें खातें फोनांतून स्वतः काढून, फोन कोरा करून, आपल्यासमोर तो पुन्हां सुरू करून दाखविल्यावांचून पैसे मोजूं नयेत. २०१५ पासून अशा फोनांना कुलूप असतें. खातें न काढतां पुसलेला फोन जुन्या मालकाचा परवलीचा शब्द मागतो, आणि तो न मिळाल्यास विटेहून अधिक उपयोगी नसतो.

इतकी पारख झाली ती घोड्याची. बसणाराची पारख अजून राहिली होती, आणि ती आम्हांस अधिक जड गेली. प्रथम आम्हीं हें विचारलें कीं, मोठ्या पडद्याचा फोन फुईबाईंस हवाच आहे काय? सहा आंकडे बटनांच्या साध्या फोनावरहि येतात. मार्च २०२२ पासून यूपीआयचे पैसे देण्याचीहि सोय त्यावर झाली आहे. त्यांना बोलण्यापुरतेंच हवें असतें तर चांगल्या बॅटरीचा साधा फोन हीच खरी निवड ठरली असती, आणि कित्येक वृद्धांच्या बाबतींत ती तशी ठरेल. परंतु त्यांना आधीं कधींच न विचारलेला प्रश्न विचारतांच उत्तर आलें कीं, सुरतेच्या नातीचा चेहरा पाहावयाचा आहे. बोटांचे ठसे उमटत नसल्यामुळें वर्षाचा हयातीचा दाखला २०२१ पासून सुरू झालेल्या चेहऱ्याच्या ओळखीवर घरबसल्या देतां आला तर बरें, असें आमच्याहि मनांत होतें. त्यासाठीं पुढचा कॅमेरा स्वच्छ हवा. तेव्हां पडद्याचा फोनच घ्यावयाचें ठरलें, पण या वेळीं तो कशासाठीं हें ठरवून.

मग त्यांचे हात पाहिले. या फोनांचा पडदा दाबानें चालत नाहीं. बोटांतून होणारा विजेच्या भाराचा सूक्ष्म फरक तो ओळखतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाची खूण त्याला नीट लागत नाहीं, म्हणून असा माणूस अधिकाधिक जोरानें दाबतो आणि ‘मला येत नाहीं’ असें समजून सोडून देतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. म्हणून फोन घेण्यापूर्वीं तो फुईबाईंच्याच हातीं देऊन, त्यांच्याच बोटानें चालवून पाहिला. दोन फोन त्या एकाच कसोटीवर परत केले. आवाज मोठा हवा, अक्षरें मोठीं करतां यावींत, आणि पडदा अंगणांतल्या उन्हांत दिसावा, हें त्याच रीतीनें पाहिलें. बोलून मराठी लिहिण्याची सोय गूगलनें २०१७ सालीं दिली, तिचा लाभ झाला. मात्र फोनाच्या भाषांच्या यादींत अहिराणी किंवा गुजरी आम्हांस आढळली नाहीं, तेव्हां फुईबाईंना फोनाशीं कचेरींतल्यासारखें मराठींतच बोलावें लागतें. शेवटची गोष्ट शेजारणीच्या मुलीनें सुचविली, आणि ती आमच्या कोणाच्याहि डोक्यांत आली नव्हती : फोन तिच्या फोनासारखाच घ्यावा, म्हणजे अडलें तर तिला दाखवितां येईल. आम्ही पुण्या-मुंबईहून फोनावर फोन समजावीत बसणार. ती भिंतीपलीकडे आहे. खरा शिक्षक कोण, हें आम्हांला या मुलीनें दाखवून दिलें.

तसाच फोन ओळखीच्या घरून मिळाला, दोन वर्षें वापरलेला. बॅटरी नवी घातली. पॅचची तारीख त्या महिन्याची होती. पहिल्या पडद्यावर चारच चित्रें ठेविलीं, आणि क्रमांक पुन्हां जाऊं नये म्हणून भरणा करण्याचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें मांडला. याचा परिणाम चमत्कारासारखा झाला असें आम्ही सांगणार नाहीं. फुईबाई अजून हिरवें बटन कोठें आलें हें शोधतात. अनोळखी मनुष्यानें आंकडे विचारल्यास सांगूं नयेत हें त्यांना चारदां सांगावें लागलें, आणि पांचव्यांदाहि सांगावें लागेल. परंतु रोज संध्याकाळीं सुरतेचा फोन येतो तेव्हां तो त्या स्वतः उचलतात, आणि वेतनाचा संदेश आला म्हणजे तो वाचून दाखविण्यास कोणास हांक मारीत नाहींत. रकमेचा आंकडा त्यांना ओळखतां येतो.

आपल्या समाजांत घरांतील सर्वांत जीर्ण वस्तु सर्वांत वृद्ध माणसाकडे जाण्याची वाट जुनी आहे. फाटकें अंथरूण, टवका उडालेला पेला, आणि आतां पोरका झालेला फोन. पेला टवक्यासकट पाणी देतो. पोरका फोन मात्र माणसाला त्याच्याच पैशांपासून तोडतो. सारंगखेड्याच्या बाजारांत जो नियम अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्यालाहि ठाऊक होता, तो आम्ही शिकलेल्यांनीं विसरावा हें लाजिरवाणें आहे. जुनी वस्तु द्यावयास हरकत नाहीं. परंतु बसणारा जितका नवखा, तितका घोडा खात्रीचा पाहिजे; आणि तो देणारानें आधीं त्याच्या तोंडांत हात घालून दांत मोजलेले पाहिजेत. तीन फोनांपैकीं उरलेले दोन आमच्या कपाटांत अजून पडले आहेत. ते आतां कोणास द्यावयाचे नाहींत, असें ठरलें आहे.